घड्याळातला नादकाटा लावला की एएफएम स्थिर?

एएफएम म्हणजे बारीक टोक पृष्ठभागाजवळ फिरवून अणूंएवढ्या बारकाव्याचं चित्र काढणारा सूक्ष्मदर्शक. नेहमीच्या एएफएममध्ये टोक एका लवचीक पट्टीवर असतं आणि पट्टीचं वाकणं लेझरने मोजतात. नादकाटा म्हणजे घड्याळाच्या क्रिस्टलमधला दोन भुजांचा, थरथरणारा क्वार्ट्झचा काटा (ट्यूनिंग फोर्क). पदार्थविज्ञानाच्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘लॅमिंग्टन रोडवर काही रुपयांत मिळणारा घड्याळाचा क्रिस्टल एएफएमला लावा. लेझर नाही, म्हणजे ड्रिफ्ट नाही. काटा ताठ, म्हणजे कंपनाची भीती नाही. क्यू जितका जास्त तितकी स्थिरता. याच काट्याने रेणूचा फोटो काढलाय!’ (ड्रिफ्ट म्हणजे टोक आणि नमुना यांचं हळूहळू सरकणं; क्यू म्हणजे काटा एकदा हलवला की किती वेळ थरथरत राहतो त्याचं माप.) मला तो मेसेज चौघांनी पाठवला. त्यातले दोघे माझेच विद्यार्थी.

फोटोचं खरं आहे. 2009 साली झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेने पेंटासीन या पाच कड्यांच्या सेंद्रिय रेणूतली कडी न् कडी दाखवली, आणि तिथे क्वार्ट्झचा नादकाटाच होता. पण तो होता अतिनिर्वातात, सुमारे 5 केल्विनला (उणे 268 अंश सेल्सियस). मेसेजात नेमकं हेच गाळलंय.

ताठपणाचंही अर्धं खरं. सिलिकॉनचा मऊ कँटिलिव्हर (नेहमीच्या एएफएममधली ती पट्टी) पृष्ठभागाजवळ गेला की ओढीने खटकन चिकटतो. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रान्झ गिसिबल यांच्या पद्धतीने एक भुजा पक्की केलेल्या काट्याचा ताठपणा मीटरला सुमारे 1,800 न्यूटन, त्यामुळे तो असा दगा देत नाही. पण पायाखालून येणारी थरथर याने कशी थांबेल? टोक एका बाजूला आणि नमुना दुसऱ्या बाजूला हलला की अंतर बदललंच. काटा ताठ असो नाहीतर मऊ. आमच्या खिडकीखालून लोकल जाते. रविवारच्या मेगाब्लॉकवर खूश होणारे मुंबईत बहुधा आम्हीच.

आता ड्रिफ्ट. ‘घड्याळ चुकत नाही, मग काटा कसा चुकेल?’ असं एकाने मला विचारलं. काटा चुकत नाहीच. त्याची कंपनसंख्या 32,768 हर्ट्झ. 25 अंशांना बनवलेला क्रिस्टल 30 अंशांवर गेला तर ती साधारण 0.03 हर्ट्झने घसरते. पण घसरतं ते टोक आणि नमुन्यातलं अंतर, आणि ते काट्याच्या हातात नाही. ॲल्युमिनियमचा 1 सेंटीमीटरचा तुकडा अंशाच्या दहाव्या भागाने तापला की 23 नॅनोमीटर वाढतो, म्हणजे जवळपास शंभर अणूंची रांग. एसीचा कॉम्प्रेसर चालू-बंद झाला की एवढं सहज होतं. लेझर गेल्याने उष्णतेचा एक उगम आणि आरशांची जुळवाजुळव गेली, एवढंच. धारक इन्व्हारचा (तापल्यावर फारच कमी वाढणाऱ्या मिश्रधातूचा) केला तर ही वाढ विसाव्या हिश्शाच्या आसपास येते.

क्यूचा मुद्दा तर साफ उलटा. क्यू 10,000 असेल तर आयामाला (काटा किती रुंद हलतो त्याला) नव्या स्थितीत बसायला सुमारे 0.1 सेकंद लागतो. आयाम पाहूनच 256 गुणिले 256 बिंदूंची प्रतिमा घ्याल, तर पावणेदोन तासांहून जास्त, आणि तेवढ्यात नमुना कुठल्या कुठे सरकलेला. म्हणून आयामाऐवजी कंपनसंख्येतला बदल मोजतात. ही रीत 1991 पासूनची आहे. काटा ताठ असल्याने हा बदलही लहानसाच असतो: मीटरला 1 न्यूटन इतक्या बल-उतारावर (अंतर बदलताना बल किती वेगाने बदलतं ते) जेमतेम 9 हर्ट्झ. त्यामुळे प्रवर्धकाचा (ॲम्प्लिफायरचा) गोंगाट कमी ठेवावा लागतो.

शिवाय क्रिस्टलची डबी फोडून हवेत आणलेल्या काट्याचा क्यू तिथल्या तिथेच पडतो. त्यातून दोन्ही भुजा मोकळ्या असताना एका भुजेला टोक म्हणून टंगस्टनची तार चिकटवली की तोल जातो. आमचा पहिला काटा असाच हजारांवरून शेकड्यांत आला. आठवडाभर मी इलेक्ट्रॉनिक्सला शिव्या घातल्या. दोष निघाला डिंकाच्या थेंबात: मोठा होता, आणि पावसाळी हवेत नीट वाळलाही नव्हता. दुसऱ्या काट्याला तार बारीक घेतली, थेंब सुईच्या टोकाने लावला, समोरच्या भुजेवर तेवढंच वजन टाकलं आणि दोन दिवस हात लावला नाही.

पावसाळ्यात नमुन्यावर पाण्याचा थर धरतो, टोक त्याला चिकटतं. पेटीत कोरडा नायट्रोजन सोडावाच लागतो. क्रिस्टल स्वस्त आहे, हे मात्र सोळा आणे खरं. मी एकदम पंचवीस आणतो. डबी पकडीत फिरवताना त्यातले पाच-सहा मोडतातच.