केसाएवढी जागा

बाईकचं मागचं चाक घूं घूं करायला लागलं तेव्हा मी दोन आठवडे तो वाऱ्याचा आवाज आहे असं समजून चालवली. मग एकदा मेन स्टँडवर लावून चाक हाताने हलवलं तर ते डावी-उजवीकडे लटलटलं. बेअरिंग गेलं होतं, म्हणजे चाक ज्याच्यावर फिरतं ते, दोन रिंगांमध्ये गोळ्या असलेलं कडं. त्यात काय, जुनं काढायचं नि नवं ठोकायचं, असं मी घरात सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोललो, तिथेच चुकलं.

जुनं काढण्यात तासभर गेला. दुसऱ्या बाजूने लांब सळई घालायची, मधला स्पेसर, म्हणजे दोन्ही बाजूंच्या बेअरिंगांमधली नळी, जरा सरकवायचा आणि आतल्या रिंगवर एकदा इकडून एकदा तिकडून ठोकत राहायचं. निघालं. नवं ६२०२ नंबरचं, आतून १५ मिमी, बाहेरून ३५, जाडी ११. इवलंसं! हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातल्या भोकावर, ठेवलं तर जाईचना. जाणार कसं, भोक त्याच्यापेक्षा किंचित लहानच ठेवतात, मुद्दाम, म्हणजे बाहेरची रिंग हबमध्ये गरगर फिरू नये. हे मला माहीत होतं, पण हातात हातोडी होती ना.

एक बाजू ठोकली की दुसरी वर यायची, ती ठोकली की पहिली. शिवाय ठोकायचं फक्त बाहेरच्या रिंगवर, कारण आतल्या रिंगवर ठोकलं की मार गोळ्यांमधून जातो, त्यांच्या वाटेवर बारीक खड्डे पडतात आणि बेअरिंग बसायच्या आधीच म्हातारं होतं. बाहेरच्या रिंगच्या मापाचा सॉकेट (पान्याची गोल वाटी) माझ्याकडे नव्हता. मग डोकं चालवलं, जुनं बेअरिंग नव्यावर ठेवून त्याच्यावर ठोकलं. झकास गेलं आत. जुनंपण गेलं. आणि अडकलं! ते आधी बाहेरून घासून थोडं बारीक करून घ्यायचं असतं, हे मला हबमध्ये एकावर एक दोन बेअरिंगं बघताना सुचलं. दोन्ही मागून ठोकून काढली, म्हणजे नवीनही कामातून गेलं.

बायको म्हणाली, "अरे, एकाचीच जागा होती ना?"

दुसरं आणलं आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलं. सकाळी हब गरम करायला हेअर ड्रायर लावला, ड्रायरच जास्त तापला. मग इस्त्री. घरात कोणी नाही बघून चाक आडवं टाकलं, फुल्ल गरम इस्त्री हबवर ठेवून बसलो. पाण्याचा थेंब टाकला, चर्र झालं, म्हणजे शंभरच्या वर. हबचं ॲल्युमिनियम तापलं की बेअरिंगच्या पोलादाच्या जवळपास दुप्पट पसरतं, तरी ३५ मिमीच्या भोकात सगळा फरक ०.०८ मिमीच्या आसपास, म्हणजे साधारण केसाएवढा. एवढ्याशा केसासाठी मी काल अख्खी बिल्डिंग उठवली होती.

बेअरिंग फ्रीजरमधून काढलं, पुसलं, सरळ धरलं आणि सोडलं. टप्. तळाला. हातोडी नुसती शेजारी पडलेली. आनंद व्हायला पाहिजे होता, पण खरं सांगतो, अपमान झाल्यासारखं वाटलं. दोन्ही बाजूंची बसवली, स्पेसर आठवणीने मध्ये टाकला (तो विसरतात लोक, आणि मग परत सगळं पहिल्यापासून), एक्सल आरपार गेला, चाक आवाज न करता फिरलं. बायको घरी आल्यावर तिला चाक फिरवून दाखवलं. तिने मान डोलावली आणि कपडे इस्त्री करायला गेली.

पाच मिनिटांनी आतून हाक आली. पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर बरोब्बर मध्यभागी काळं, ग्रीसचं, एकदम सुबक वर्तुळ उमटलं होतं.