दिवाण अडकला

आमचा दिवाण दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकला, तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. सहा बाय तीनचा, पोटात खण असलेला. गिरगावातल्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत गोधड्या, गणपतीचं मखर आणि वर्षातून एकदा लागणारं मोठं पातेलं कुठे कोंबायचं, यावर हिने काढलेला तोडगा. मोजमाप मात्र मी घेतलं होतं. दाराचं. जिना कोण मोजतो?

तासभर "तिरपा घ्या", "दाबा", "अहो साहेब, तुम्ही बाजूला व्हा" झाल्यावर हमालांनी तो वळणावर आडवा टेकवला आणि चहाला म्हणून जे गेले ते गेलेच.

तेवढ्यात वरून नाना उतरले. दिवाणी कोर्टातून कारकून म्हणून निवृत्त, मंडईला निघालेले. वाट नाही म्हटल्यावर पिशवी मांडीवर घेऊन दिवाणावरच बसले.

"दिवाण म्हणजे मुळात बसायची वस्तूच नव्हे रे," नाना म्हणाले. "फारसी शब्द. आधी हिशेबाची वही. मग वह्या ठेवायची ती कचेरी. कचेरीत भिंतीकडेने गाद्या घालून अंमलदार बसायचे, म्हणून पुढे ती बैठकही दिवाण."

एव्हाना पायऱ्यांवर आठ-दहा जण जमले होते. नानांना एवढं गिऱ्हाईक कोर्टातही मिळालं नसेल. "१७६५ साली कंपनीने बंगालची दिवाणी घेतली, ती काय खाट होती? महसूल वसूल करायचा हक्क! गालिबचा दिवाण म्हणजे गझलांचा संग्रह. आणि आपले दादाभाई नौरोजी १८७४ मध्ये बडोद्याचे दिवाण झाले."

"पण ते जिन्यात नव्हते अडकले," ही वरून म्हणाली.

तळमजल्यावरच्या बंट्याने तोवर दिवाण ओलांडणाऱ्याकडून एकेक गोळी घ्यायला सुरुवात केली होती. त्याला दटावणार, तोच नाना खूश. "घेऊ दे! फ्रेंच लोक जकातीला 'दुआन' म्हणतात. तोही हाच शब्द!" स्वतःच्या फर्निचरवरून घरी जायला मी दोन गोळ्या मोजल्या. एक जायची, एक यायची.

"आता शेवटचं," असं नाना तिसऱ्यांदा म्हणाले. "इराणच्या बादशहाने एकदा आपले कारकून पाहिले. हिशेब करताना स्वतःशीच पुटपुटत होते. तो म्हणाला, 'दीवाने!' म्हणजे वेडे. तेच नाव कचेरीला चिकटलं. चौदाव्या शतकातल्या इब्न खल्दून नावाच्या अरब इतिहासकाराने लिहून ठेवलंय. खरं असेल-नसेल, पण कोर्टात तीस वर्षं काढल्यावर मला पटतं."

दीडला सुतार आला. त्याने नानांना उठवलं, टेप लावली, कानामागची पेन्सिल काढली आणि काडेपेटीच्या पाठीवर आकडे मांडू लागला.

"पाय कापले तर चार इंच... खण सुटा केला तर... परत ठोकायचे सातशे... वर न्यायचे वेगळे... नाही, नाही, नऊशे..."

नानांनी हळूच माझ्याकडे पाहिलं.