कारखानीस म्हणजे फॅक्टरी मॅनेजर नव्हे

‘शिवकालीन कादंबऱ्यांतले अवघड शब्द लेखकांनी विद्वत्ता मिरवायला घातलेत, तसं कुणी कधी बोललंच नाही. खाली दिलेले सोपे शब्द घालून मुलांना वाचायला द्या,’ असा मेसेज सगळीकडे फिरतोय. भाचीच्या वर्गातल्या पालकांच्या ग्रुपवर तो आला आणि लगेच ‘सोप्या आवृत्ती’ची मागणीही सुरू झाली. आता गप्प बसणं शक्य नाही.

आधी ती यादी बघा. शिलेदार आणि बारगीर, दोघंही ‘सैनिक’. हवालदार ‘पोलीस’. कारखानीस चक्क ‘फॅक्टरी मॅनेजर’! गडावरचं धान्य, दारूगोळा, सामानसुमान यांचा हिशेब ठेवणारा माणूस तो. तिथे फॅक्टरी कुठून आली?

त्याहून मोठं नुकसान ‘सैनिक’ या शब्दाने होतं. बारगिराचा घोडा सरकारी पागेतला. शिलेदाराचा घोडा आणि हत्यारं स्वतःची. घोडा पडला तर बारगिराच्या बाबतीत तोटा सरकारचा, शिलेदाराचं मात्र भांडवलच बुडालं. तोफांपुढे घोडा घालताना शिलेदार क्षणभर थबकला, हे वाचताना त्याच्या जिवाची घालमेल कळायला हवी. ‘सैनिक थबकला’ असं छापलंत तर मुलांना तो भेकड वाटेल.

‘हवालदार’चंही तेच. घोडदळात पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, त्या पंचविसांमागे एक पखालवाला (पाणी वाहणारा), एक नालबंद (घोड्यांना नाल ठोकणारा). पाच हवालदार मिळून जुमला, म्हणजे १२५ स्वार. दहा जुमल्यांवर हजारी, १२५०. गडावरचा हवालदार वेगळा. तिथे हवालदार, सरनौबत (गडावरच्या सैन्याचा प्रमुख) आणि सबनीस (हजेरी-हिशेब लिहिणारा) तिघे एकाच तोलाचे, कारण एकट्याच्या फितुरीने गड जाऊ नये. फितुरीच्या प्रसंगातला सगळा ताण याच रचनेवर उभा असतो. हवालदाराला ‘पोलीस’ केलं की तो प्रसंगच कोसळतो.

‘कुणी बोललंच नाही’ म्हणणाऱ्यांनी सभासदाची बखर, म्हणजे शिवाजी महाराजांचं जुनं चरित्र, उघडावी. कृष्णाजी अनंत सभासदाने ती १६९७ च्या सुमारास जिंजीला राजाराम महाराजांसाठी लिहिली. वरची पदं, वरचे आकडे तिच्यातलेच आहेत. दरबारातल्या माणसाने लिहिलेला मजकूर आहे हा, कादंबरीकाराची करामत नव्हे.

‘शिवाजी महाराजांनी फारसी शब्द बंद केले होते’ असंही काहीजण म्हणतात. ते अर्धं खरं. फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश त्यांनी करवून घेतला. पेशव्याचा पंतप्रधान झाला, डबिराचा सुमंत झाला. पण बखर त्यानंतरची, आणि तिच्यात फारसी शब्द जागोजाग आहेत. ‘पेशवा’ तर पुढे शंभराहून जास्त वर्षं टिकला.

काही लेखक असे शब्द नुसते पेरतात, बारगीर-शिलेदार एका दमात एकाच अर्थाने लिहितात, हे मान्य. तो दोष त्या लेखकाचा.

मुलं अडत असतील तर शब्दांची शेपटं शिकवा. -नीस म्हणजे लिहिणारा: चिटणीस, फडणीस, सबनीस. -दार म्हणजे बाळगणारा: किल्लेदार, ठाणेदार. -खाना म्हणजे जागा: जामदारखाना (खजिन्याची), पीलखाना (हत्तींची). शब्द दुसऱ्यांदा आला तरच कोश उघडायचा. मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश इंटरनेटवर फुकट आहे. फक्त त्यात जुनं लेखन आहे, ‘नाव’ सापडलं नाही तर ‘नांव’ असा अनुस्वार देऊन शोधा.