खोकल्याने हार्ट अटॅक थांबत नाही

‘एकटे असताना हार्ट अटॅक आला तर शुद्ध हरपण्याआधी तुमच्या हातात फक्त 10 सेकंद असतात. खोल श्वास घ्या आणि दर दोन सेकंदांनी जोरात खोकत राहा.’ हा मेसेज वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो काळजीपोटी पाठवला जातो, म्हणून त्यावर कोणी शंकाही घेत नाही. मला त्याचीच भीती वाटते.

आधी ते 10 सेकंद. हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी कोरोनरी धमनी तुंबते, बहुतेक वेळा गुठळीमुळे. छातीत दाब येतो, घाम फुटतो, धाप लागते. पण हृदय सहसा चालू असतं आणि माणूस शुद्धीवर असतो. काही सेकंदांत शुद्ध जाते ती कार्डिअॅक अरेस्टमध्ये, म्हणजे हृदय रक्त ढकलायचंच थांबतं तेव्हा. अटॅकमधून अरेस्ट होऊ शकतो, पण मेसेजने दोन्ही एकच धरले आहेत.

मेसेज पुढे कारणंही देतो. ‘खोल श्वासाने ऑक्सिजन मिळतो.’ तो रक्तात असतोच. ते रक्त गुठळीपलीकडे पोचत नाही, ही खरी अडचण.

‘खोकल्याने हृदय दाबलं जाऊन रक्त फिरतं.’ शुद्धीवरच्या माणसाचं हृदय हे काम स्वतः करत असतं. उजव्या कर्णिकेतल्या, म्हणजे उजवीकडच्या वरच्या कप्प्यातल्या, सायनस नोड या पेशींच्या पुंजक्यातून विद्युत संदेश निघतो आणि वरचे दोन कप्पे आकुंचन पावतात. मग वरच्या-खालच्या कप्प्यांमधल्या एव्ही नोडपाशी तो सुमारे 0.1 सेकंद रेंगाळतो, तेवढ्यात खालचे दोन कप्पे, म्हणजे जवनिका, पुरत्या भरतात आणि मगच आवळतात. किती नेमकी रचना आहे ही! विश्रांतीत दर ठोक्याला साधारण 70 मिलिलिटर, मिनिटाला सुमारे 5 लिटर रक्त बाहेर पडतं. डाव्या जवनिकेच्या स्नायूला स्वतःचं रक्त मिळतं ते मात्र मुख्यतः दोन ठोक्यांमध्ये, ती सैल पडते तेव्हा. खोकून छातीतला दाब वाढवल्याने तुंबलेली धमनी उघडत नाही.

‘ठोके पूर्ववत होतात.’ जवनिका नुसत्या थरथरू लागल्या, म्हणजे फिब्रिलेशन झालं, तर डिफिब्रिलेटर या यंत्राचा विजेचा शॉक लागतो.

या मेसेजला एक खरा धागा आहे. 1976 साली क्रायली या डॉक्टरांनी आणि सहकाऱ्यांनी नोंदवलं, की कॅथलॅबमध्ये, म्हणजे नळी घालून हृदय तपासतात त्या खोलीत, तपासणी चालू असताना फिब्रिलेशन झालेले काही रुग्ण सतत खोकून 39 सेकंदांपर्यंत शुद्धीवर राहिले. पण तिथे मॉनिटर लावलेला होता, डॉक्टर खोकायला सांगत होते आणि शॉकचं यंत्र शेजारीच होतं. घरात एकट्या माणसाला आपला ताल बिघडतोय हे कळणार कसं?

छातीत असा दाब जाणवला तर पहिलं काम रुग्णवाहिकेला फोन. दाराची कडी काढून ठेवा, बसून राहा, स्वतः गाडी चालवू नका. अॅस्पिरिन घ्यावी का, हे फोनवरच विचारा. समोरचा माणूस कोसळला, प्रतिसाद देत नसेल आणि त्याचा श्वास नीट चालत नसेल, तर मदत बोलावून लगेच छातीच्या मधोमध दाब द्यायला लागा: 5 ते 6 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा.