मुशी आधी की झाड?

व्हॉट्सॲपवर ते चित्र पुन्हा फिरतंय. एकीकडे जबडा वासलेला पांढरा शार्क, दुसरीकडे पिवळ्या गोंड्यांनी लगडलेली गोल्डन वॅटल, म्हणजे ऑस्ट्रेलियाची बाभूळ. खाली ओळ: ‘शार्क झाडांपेक्षा जुने. 45 कोटी वर्षांत तसूभर बदललेले नाहीत.’

आधी ते 45 कोटी. त्या काळातला अख्खा शार्क कुणालाही सापडलेला नाही. सापडलेत ते सूक्ष्म खवले. बाजारात मुशी, म्हणजे छोटा शार्क, घ्याल तेव्हा शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवून बघा, पॉलिश पेपरसारखी खरखरते. ती खरखर म्हणजे दातांच्याच घडणीचे बारीक खवले. शार्कचा सांगाडा कूर्चेचा, तो सहसा कुजून जातो. दगडात उरतात ते दात आणि हे खवले. पण इतके जुने खवले शार्ककुळातल्याच माशाचे होते का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

‘झाडांपेक्षा जुने’ हे मात्र अगदीच खोटं नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या गिलबोआचे प्रसिद्ध बुंधे सुमारे 38.5 कोटी वर्षांपूर्वीचे आहेत, आणि शार्कचं कूळ त्याआधीचं. गोम आहे ती मापात. गिलबोआच्या झाडांना ना फूल, ना शेंग. बाभळीशी त्यांचं नातं फार लांबचं. झाड हे एक कूळ नव्हेच, ती वाढायची एक ढब आहे आणि वेगवेगळ्या वनस्पतींनी ती आपापली उचलली. शार्कच्या खात्यात खापरपणजोबांचे खवले धरायचे असतील, तर बाभळीच्या खात्यातही तिचे पूर्वज धरा. जमिनीवरच्या वनस्पतींचे बीजाणू अर्जेंटिनातल्या सुमारे 47 कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत मिळालेत. मग आधी कोण?

आणि तसूभर? चित्रातला पांढरा शार्क ही जात जेमतेम अर्ध्या कोटी वर्षांची. सुमारे 36 कोटी वर्षांपूर्वीच्या क्लॅडोसेलॅकी या शार्कसारख्या माशाचं तोंड मुस्कटाच्या टोकाला होतं. आजच्या बहुतेक शार्कचं खालच्या अंगाला असतं.

(वॅटल हे नावही गमतीचं. गोऱ्या वसाहतवाल्यांनी तिच्या फांद्या विणून, वर माती लिंपून झोपड्या उभारल्या. आपला कूडच तो.)

बदल पाहायचाच तर कोकणात रस्त्याकडेला लावलेल्या ऑस्ट्रेलियन बाभळीचं (ही गोल्डन वॅटलहून वेगळी जात) रोप बघा. पहिली पानं आपल्या गावठी बाभळीसारखी, बारीक पानाड्यांची. पुढे देठच चपटा होत जातो आणि पान म्हणून मिरवतो. गोल्डन वॅटलचंही तसंच. चित्रात पानं म्हणून दिसतात ते देठ आहेत.