पेशी ‘अल्कलाइन’ करण्याचा सल्ला आणि पेशीच्या आतले वास्तव

“शरीरातल्या पेशी आम्लधर्मी झाल्या की कर्करोग होतो, याच शोधासाठी ऑटो वॉरबर्ग यांना १९३१ मध्ये नोबेल मिळाले, म्हणून रोज सकाळी पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून प्या, आंबट खाणे बंद करा, आणि पेशींच्या भिंतींवर साचणारा कोलेस्टेरॉलचा कचरा शून्यावर आणा,” अशा आशयाचा एक लांबलचक संदेश गोव्यातल्या मराठी व्हॉट्सॲप गटांवर फिरत आहे. डिचोलीला राहणाऱ्या माझ्या मावशीपर्यंत तो पोचला. तिला बऱ्याच वर्षांपासून रक्तदाब आहे. तिने सोड्याचे पाणी सुरू केले आणि ‘आता पेशीच शुद्ध होणार’ या विश्वासाने रक्तदाबाची गोळी बाजूला ठेवली. असले संदेश दुर्लक्ष करून सोडून द्यावेत असे म्हणणाऱ्यांशी मी म्हणूनच सहमत नाही.

सर्वांत घातक सल्ला सोड्याचा आहे. खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, आणि त्याच्या वजनाचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग निव्वळ सोडियम, म्हणजे मिठातला रक्तदाब वाढवणारा घटक, असतो. पाच ग्रॅमच्या चमच्यातून सुमारे १.४ ग्रॅम सोडियम पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसभरात, सगळ्या अन्नातून मिळून, २ ग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यायला सांगते. ज्या घरात पावसाळाभर सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर आणि मिस्कूट (कैरीचे लोणचे) असे खारट पानात असते, तिथे रक्तदाबाच्या रुग्णाला गोळी बंद करून वर हा चमचा द्यायचा, हा आरोग्याचा सल्ला असूच शकत नाही.

बरे, एवढे करून पेशी अल्कधर्मी होतात का? होत नाहीत. सोड्याचा काही भाग जठरातल्या हायड्रोक्लोरिक आम्लाशी संयोग पावून त्याचा वायू होतो, उरलेला रक्तात शोषला जातो. रक्ताचा सामू, म्हणजे पीएच (७ च्या खाली आम्ल, वर अल्क), ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात ठेवण्याचे काम फुप्फुसे आणि मूत्रपिंडे अहोरात्र करत असतात, आणि जास्तीचे बायकार्बोनेट मूत्रपिंडे लघवीतून बाहेर टाकतात. सोडा घेतल्यावर लघवीत बुडवलेल्या, सामू दाखवणाऱ्या पट्टीचा रंग बदलतो हे संदेशातले आणखी एक म्हणणे खरे आहे, एवढे मान्य करावे लागेल; पण तो रंग शरीराने काय बाहेर टाकले ते सांगतो, पेशीत काय शिरले ते सांगत नाही. मूत्रपिंडाच्या काही रुग्णांना डॉक्टर सोडियम बायकार्बोनेट देतात, तेही रक्त तपासून, मात्रा ठरवून आणि लक्ष ठेवून.

मुळात ‘पेशीचा सामू’ अशी एकच एक गोष्ट नसते, आणि संदेश लिहिणाऱ्याने पेशीची रचना पाहिलेलीच नाही हे इथे उघड होते. पेशीद्रव्याचा सामू साधारण ७.२ असतो. त्याच पेशीत, एका पातळ पटलाच्या आड, लयकारिकांमध्ये (लायसोसोम, म्हणजे पेशीतल्या विघटनाच्या पिशव्या) तो ४.५ ते ५ असतो, म्हणजे तिथे स्पष्ट आम्लता असते. बेल्जियन शास्त्रज्ञ क्रिस्तियान द द्यूव्ह यांनी १९५० च्या दशकात शोधलेल्या या लयकारिकांमध्ये जुनी प्रथिने, झिजलेले घटक आणि आत आलेले जंतू यांचे विघटन करणारी विकरे (एन्झाइम) असतात, आणि ती विकरे त्या आम्लतेतच नीट काम करतात. ही आम्लता काढून घेतली, तर पेशीची खरी सफाई थांबेल. तंतुकणिकांची (मायटोकाँड्रिया, पेशीतली ऊर्जाकेंद्रे) गोष्ट तर याहून महत्त्वाची आहे: अन्नातून मिळालेली ऊर्जा वापरून तंतुकणिका हायड्रोजनचे धनभारित कण आपल्या आतल्या पटलापलीकडे ढकलते, त्यामुळे पटलाच्या दोन बाजूंच्या आम्लतेत फरक पडतो, आणि ते कण परत येताना एका प्रथिन-यंत्रणेतून जातात तेव्हा एटीपी हा पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू तयार होतो. ही कल्पना मांडणाऱ्या पीटर मिचेल यांना १९७८ चे नोबेल मिळाले. आम्लतेचा हा फरक पुसला गेला तर एटीपीचा मुख्य पुरवठा बंद पडतो. म्हणजे संदेश ज्याला विष म्हणतो, त्याच्याच आधारे तो वाचणाऱ्याचे हृदय धडधडते आहे.

आता जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ वॉरबर्ग. नोबेल १९३१ चे होते, हे खरे. परंतु ते श्वसन-विकराचे स्वरूप आणि त्याची कार्यपद्धती शोधल्याबद्दल होते, आणि हे कारण नोबेल पारितोषिकाच्या अधिकृत नोंदीत कुणालाही वाचता येते. कर्करोगाच्या पेशी प्राणवायू उपलब्ध असतानाही ग्लुकोजचे किण्वन (प्राणवायू न वापरता विघटन) करून लॅक्टिक आम्ल तयार करतात, हे निरीक्षणही त्यांचेच आहे आणि ते आजही महत्त्वाचे मानले जाते. मात्र त्यात आम्ल हे गाठीचे उत्पादन आहे, कारण नव्हे. गाठीभोवतीचा भाग आम्लधर्मी होतो तो गाठीतल्या पेशी आम्ल बाहेर फेकतात म्हणून, आणि त्या पेशींचा आतला भाग बऱ्याचदा निरोगी पेशीपेक्षा किंचित अधिक अल्कधर्मीच आढळतो. ‘अल्कलाइन वातावरणात कर्करोग जगत नाही’ हे संदेशातले वाक्य तर प्रयोगशाळेतल्या रोजच्या कामानेच खोटे ठरते: कर्करोगाच्या अमेरिकी रुग्ण हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून १९५१ मध्ये घेतलेल्या हेला पेशी सुमारे ७.४ सामूच्या, म्हणजे सौम्य अल्कधर्मी द्रवात आजतागायत वाढत आहेत.

कोलेस्टेरॉलविषयी थोडक्यात. माणसाच्या पेशीला भिंत नसतेच, ती वनस्पतींच्या पेशींना असते. आपल्या पेशीला असते ते मेदरेणूंचे लवचीक पटल, आणि कोलेस्टेरॉल हा त्या पटलाचाच घटक आहे. पटल फार प्रवाही किंवा फार ताठ होऊ न देणे हे त्याचे काम. कॉर्टिसॉल, इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन, पित्ताम्ले आणि ड जीवनसत्त्व यांची निर्मितीही त्याच्याच मार्गावरून होते, म्हणून यकृत ते स्वतः बनवते. रक्तातले एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) वाढले की धमन्यांत थर साचतात, हे निर्विवाद आहे आणि त्यावरची औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यायलाच हवीत. परंतु प्रमाण आटोक्यात ठेवणे वेगळे आणि शून्यावर आणणे वेगळे. शून्य कोलेस्टेरॉल असलेला माणूस जिवंत राहू शकत नाही.

राहिले आंबट. संदेशात भिरंडाची (कोकमाची) सोलकढी आणि चिंचेचे हुमण (माशांचे कालवण) वर्ज्य सांगितले आहे, लिंबाला मात्र ‘अल्कलाइन’ म्हणून मोकळीक आहे. जठरातला सामू १.५ ते ३.५ असतो, सोलकढीने त्याच्या आम्लतेत भर पडावी इतकी ती आंबट नसते, आणि पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडाचा बायकार्बोनेटयुक्त रस हे सारे आम्ल शमवतो. ज्यांना आम्लपित्ताचा त्रास आहे त्यांनी आंबट बेताने खावे, ते जठर आणि अन्ननलिकेच्या कारणाने. पेशींचा त्याच्याशी संबंध नाही.