सिसप्लॅटिन डीएनए ‘जाळत’ नाही

घरात कोणाची केमो सुरू झाली की एक निरोप हमखास येऊन थडकतो: ‘सिसप्लॅटिन हे जड धातूचे विष आहे, ते डीएनए जाळते, चांगल्या-वाईट पेशींत भेद करत नाही आणि त्याने कोणी बरे होत नाही.’ या चारांपैकी एक विधान अर्धे खरे आहे.

मारक गुण नुसत्या धातूत असता, तर सिसप्लॅटिनचा जुळा रेणू असलेल्या ट्रान्सप्लॅटिननेही कर्करोगाच्या गाठी विरघळल्या असत्या. दोन्ही रेणूंत प्लॅटिनमचा एक अणू, दोन अमोनिया आणि दोन क्लोराइड असा ऐवज तंतोतंत सारखा आहे. फक्त सिसप्लॅटिनमध्ये दोन क्लोराइड शेजारी बसतात आणि ट्रान्समध्ये समोरासमोर. तेवढ्याने दुसरा रेणू औषध म्हणून निकामी ठरतो.

‘जाळणे’ हा शब्द तर साफ चुकीचा आहे. रक्तात क्लोराइड भरपूर असते, म्हणून रेणूवरचे क्लोराइड तिथे सहसा सुटत नाही. पेशीत मात्र ते बरेच कमी असल्याने त्याची जागा पाणी घेते, आणि मग हे प्लॅटिनम ग्वानिन या डीएनएतल्या घटकाच्या सातव्या क्रमांकाच्या नायट्रोजनला धरून बहुतेकदा एकाच धाग्यावरचे लगतचे दोन ग्वानिन एकत्र बांधते. गोधडीत दोन टाके एकात ओढले गेले की कापड चुणते, तशी तिथे डीएनएची शिडी वाकते. धागा तुटत नाही, पण त्याची नक्कल करणारी यंत्रणा अडते, आणि दुरुस्ती जमली नाही तर पेशी स्वतःच्या मृत्यूची ठरलेली प्रक्रिया सुरू करते. १९६५ साली मिशिगनमध्ये संशोधक बार्नेट रोझेनबर्ग यांना प्लॅटिनमच्या विद्युतअग्रांजवळ, त्यांतून सुटलेल्या प्लॅटिनम संयुगांमुळे, ई. कोलाय जीवाणू नेहमीच्या ३०० पटींपर्यंत लांबलेले आढळले: वाढ चालू, विभाजन बंद. जाळणाऱ्या विषाने ते मेले असते, लांबले नसते.

भेद न करण्याचा आक्षेप अर्धा खरा आहे, कारण या रेणूला गाठ ओळखता येत नाही. ‘फक्त भराभर विभागणाऱ्या पेशींनाच त्रास होतो’ हा नेहमीचा दिलासाही अपुराच. मूत्रपिंड आणि अंतःकर्णातल्या पेशी भराभर विभागत नाहीत, तरी त्यांना इजा होते. म्हणून औषधाच्या आधी आणि नंतर सलाईन चढवतात, आणि सिस्टर खुणांच्या भांड्यात लघवी मोजून कागदावर आकडा लिहितात. कार्बोप्लॅटिन या त्याच्याच जातीच्या औषधामध्ये क्लोराइडऐवजी सावकाश सुटणारा गट आहे. त्याने मूत्रपिंड बरेच वाचते, प्लेटलेट मात्र जास्त उतरतात.

राहिले ‘कोणी बरे होत नाही’. १९७४ मध्ये इंडियाना विद्यापीठात डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी वृषणाच्या पसरलेल्या कर्करोगात जुन्या दोन औषधांना सिसप्लॅटिनची जोड दिली. एरवी बहुतेक तरुण ज्या आजाराने दगावत, त्यातून आज पसरलेल्या अवस्थेतलेही सुमारे ८० टक्के रुग्ण पूर्ण बरे होतात. या गाठींच्या पेशींना डीएनएवरचा प्लॅटिनमचा हा टाका उसवणे नीट जमत नाही, हे त्यामागचे एक कारण. अंडाशयाच्या कर्करोगात तसे नाही: तिथे पहिला प्रतिसाद चांगला मिळूनही आजार अनेकदा परततो, आणि परतलेल्या पेशी औषधाला दाद देईनाशा होतात.